छापील कंदील, तोरण आणि मखराला उठाव देणारं साहित्य: कशावर पैसे घालावेत, कशावर घालू नयेत

गणपतीच्या आधी महिनाभर आणि पुन्हा नवरात्रापासून दिवाळीपर्यंत व्हॉट्सॲपवर पीडीएफ फिरायला लागतात. मोरांचं तोरण, षटकोनी कंदील, हेमाडपंती कमानीचं मखर, किल्ल्याची तटबंदी, हळदीकुंकवाच्या वाणाला लावायची पैठणी काठाची चिठ्ठी. छापा, कापा, चिकटवा. मार्च २०१८ मध्ये राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली, तेव्हापासून मखराच्या कामातही कागदाकडे वळलेली घरं बरीच आहेत. पण छापील कागद कितीही सुबक असला तरी तो सपाट असतो. दोन हातांवरून पाहिलं की तो पोस्टरच वाटतो. त्याला खरा उठाव, खरी खरखर, खरी सावली द्यायची तर वेगळं साहित्य लागतं. बाजारात ते ढिगानं आहे आणि त्यातलं निम्मं छापील कामासाठी बनवलेलंच नाही.

इथे फोम टेप, थ्री-डी आउटलायनर (टोकातून जाड, उठावदार रेघ ओढायची रंगाची बाटली), टेक्श्चर पेस्ट, एम्बॉसिंग पावडर (तापवली की वितळून उठाव देणारी भुकटी), फॉइल, पारदर्शक ग्लेझ, कुंदन आणि स्प्रे एवढ्यांबद्दल लिहिलं आहे. आमचं मत आधीच सांगतो: पहिले पैसे कागदावर आणि फोम टेपवर घालावेत, मग आउटलायनरवर. हीट गन (खूप गरम हवा सोडणारं यंत्र) आणि पावडरी सगळ्यात शेवटी, आणि त्याही प्रत्येकाला लागतील असं नाही.

आधी शाई तपासा

साहित्य चांगलं की वाईट हे बहुतेक वेळा छपाई ठरवते. घरच्या इंकजेट किंवा इंक-टँक प्रिंटरांत रंगीत शाई सहसा डायची, म्हणजे पाण्यात विरघळणारी असते. काही प्रिंटरांत फक्त काळी शाई पिगमेंटची, म्हणजे न विरघळणाऱ्या रंगकणांची असते. अशा छपाईवर पातळ फेव्हिकॉल, खळ, मॉड पॉज किंवा पाण्यावर बनलेली कुठलीही पेस्ट ब्रशने फिरवली की लाल आणि निळा पसरतो. झेरॉक्सच्या दुकानातली लेझर प्रिंट वेगळी. तिथे शाई नसतेच, टोनर म्हणजे प्लास्टिकची रंगीत भुकटी उष्णतेने कागदावर वितळवून बसवलेली असते. तिला पाण्याचं भय नाही, पण घडीवर ती तडकते आणि जास्त उष्णतेत पुन्हा मऊ पडते.

म्हणून पानाच्या कोपऱ्यातल्या गडद रंगावर ओला इअरबड दोनदा फिरवावा. कापसाला रंग लागला तर छपाई डायची आहे. मग ब्रशने लावायचं ओलं साहित्य थेट वापरायचं नाही, आधी मॅट ॲक्रेलिक स्प्रेचा थर हवा. रंग लागला नाही तर बरीचशी मोकळीक आहे. इंकजेटची प्रिंट रात्रभर पसरून वाळू द्यावी. हाताला कोरडी लागते तेव्हाही कागदाच्या आत ओल असते, आणि त्यावर लगेच स्प्रे मारला तर गडद भागात ढगाळ डाग उमटतात.

छापताना ‘फिट टू पेज’ बंद करून ‘ॲक्च्युअल साइझ’ ठेवावं. नाहीतर दोन पानांवरचे भाग एकमेकांना एक-दोन मिलिमीटर कमी पडतात. सपाट कामात हा फरक खपून जातो, थर चढवल्यावर मात्र कड कडेला बसत नाही.

डिझाइन निवडतानाही एक गोष्ट बघावी. ज्या पीडीएफमध्ये चित्रकाराने आधीच सावल्या आणि चमक रंगवून ठेवली आहे, ती उठावाच्या कामाला घेऊ नये. छापलेली सावली उजवीकडे आणि खोलीतल्या दिव्याची डावीकडे पडली की सगळी मेहनत खोटी दिसते. सपाट रंग आणि ठळक कडा असलेलं चित्र यासाठी केव्हाही सरस.

कागद

१०० जीएसएमच्या (जीएसएम म्हणजे दर चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) बाँडवर उठावाचं काही टिकत नाही. पेस्टच्या पाण्याने तो पन्हाळीसारखा वळतो आणि कुंदनाच्या वजनाने लोंबतो. थर चढवायचे तुकडे २०० ते २२० जीएसएमचे आणि पाया २५० ते ३०० जीएसएमचा, हे गणित बहुतेक कामांना पुरतं. घरच्या प्रिंटरला मात्र एवढा जाड कागद सहज झेपत नाही. ज्यात कागद खालच्या ट्रेमधून आत जाऊन पूर्ण वळसा घेऊन बाहेर येतो, त्यात जाड कार्ड अडकतं. मागून सरळ आत जाणारा प्रिंटर असेल तर बरं. नसेल तर जाड कार्डावरची छपाई लेझरवाल्याकडून करून घ्यावी.

दुकानदार ‘आर्ट कार्ड’ म्हणून गुळगुळीत चकचकीत कागद पुढे करतो. लेझरला तो चालतो, इंकजेटला अजिबात नाही, कारण शाई वरच्या लेपात मुरत नाही आणि बोटाने पुसली जाते. उठावाच्या साहित्यालाही तो लेप आवडत नाही. चकचकीत पृष्ठभागावर आउटलायनरची रेघ वाळते खरी, पण नखाने उचलली तर सबंध सुटून येते. मॅट कार्ड मागा.

हातकागदाचं आकर्षण अनेकांना असतं आणि ते रास्त आहे. पुण्यात शिवाजीनगरला १९४० पासून हातकागदाची संस्था आहे, आणि त्या जातीच्या कागदाला स्वतःचाच पोत असतो. पण तो छापायला नको. रंग मंद उमटतो आणि सुटे तंतू प्रिंटरमध्ये जातात. छापील तुकड्याच्या मागे, पाया म्हणून, तो लावा. शेंदरी हातकागदावर दोन मिलिमीटर वर उचललेला छापील गणपती, एवढ्यातच निम्मं काम होतं.

फोम टेप: यादीतली पहिली वस्तू

दोन्ही बाजूंनी चिकट असलेली फोमची टेप स्टेशनरीत आणि हार्डवेअरमध्ये मिळते, १, २ आणि ३ मिलिमीटर जाडीत. कागदकामाला १ आणि २ च्या पुरतात. हार्डवेअरमधली स्वस्त पडते आणि पकड चांगली असते, पण चिकटवल्यावर ती हलत नाही, तुकडा वाकडा बसला की बसला. त्यावर उपाय आहे. टेपचा वरचा कागद काढल्यावर त्या चिकट भागावर फेव्हिकॉलचा एक बारीक थेंब ठेवावा. तो ओला असेपर्यंत तुकडा थोडा सरकवता येतो, वाळला की पकड पक्की.

मोराचं उदाहरण घेऊ. एकाच मोराच्या चार प्रती छापायच्या. पहिली पूर्ण, ती पाया. दुसरीतून पिसारा आणि अंग, तिसरीतून फक्त अंग, चौथीतून डोकं, तुरा आणि पंखाचा पुढचा भाग. पिसाऱ्याची पिसं सुटी कापून उलट बाजूने स्पंजवर ठेवावीत आणि चमच्याच्या पाठीने मधोमध दाबत न्यावीत, म्हणजे कडा वर येतात. पिसाऱ्याला फक्त मुळाशी १ मिलिमीटरची टेप लावायची, टोकं मोकळी सोडायची. अंगाखाली २ मिलिमीटर, डोक्याखाली पुन्हा १. सगळीकडे सारखी जाडी लावली तर मोर उठतो पण जिवंत वाटत नाही. उंची कमी-जास्त असली की सावलीही कमी-जास्त पडते, आणि डोळ्याला खोली त्या फरकातून कळते.

टेपचे तुकडे एकमेकांपासून ३-४ सेंटिमीटरवर हवेत. लांब ठेवले तर पावसाळी हवेत मधला कागद बसतो, आणि गणपती नेमके त्याच दिवसांत येतात. कडेपासून ३ मिलिमीटर आत लावावी, नाहीतर बाजूने पांढरा फोम दिसतो. पाया गडद असेल तर काळी टेप घ्यावी, किंवा पांढऱ्या टेपची कड मार्करने रंगवावी. टेपची उघडी कड चिकट राहते आणि दोन महिन्यांत धुळीने काळी होते. बारीक ब्रशने तिथे टाल्कम पावडर लावली की ती अडचण संपते.

कापताना कात्रीची पाती चिकटतात. पात्याला खोबरेल तेलाचं बोट लावून फडक्याने कोरडं पुसलं की वीसेक तुकडे सहज निघतात. पुसायचं विसरू नका, तेलाचा डाग कागदातून जात नाही.

मोठ्या मखरासाठी फोम टेप परवडत नाही, आणि गरजही नाही. वाहतुकीच्या खोक्याच्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या फेव्हिकॉलने लावल्या तर साधारण ३ मिलिमीटरचा ताठ उठाव फुकटात मिळतो. कमानीचे खांब, पायऱ्या, कळस यांना तो फोमपेक्षा चांगला, कारण दबत नाही. गोलसर कडांना मात्र २ मिलिमीटरची फोम शीट बरी. छापील आकारापेक्षा चारही बाजूंनी ३ मिलिमीटर लहान कापून मागे सबंध चिकटवावी.

कंदिलाचा नियम उलटा आहे

तोरणावर जे शोभतं ते कंदिलावर फसतं, कारण कंदिलाला प्रकाश आतून येतो. दिवसा सुंदर दिसणारा थर रात्री दिवा लावताच टेपच्या तुकड्यांचे काळे चौकोन दाखवतो. सोनेरी आणि पांढरा आउटलायनरही आतल्या उजेडात काळी रेघ होतो. म्हणून कंदिलावर उठाव फक्त सांगाड्याच्या पट्ट्यांवर आणि अपारदर्शक काठावर ठेवावा. मधल्या, उजळणाऱ्या भागासाठी वेगळे उपाय आहेत.

पहिला टोचकामाचा. नक्षीच्या रेषेवर जाड सुईने दर दोन मिलिमीटरला भोक पाडायचं, खाली फोम शीट ठेवून, उलट बाजूने. भोकांच्या कडा सुलट बाजूला उठतात, दिवसा हाताला दाणेदार लागतात आणि रात्री ठिपक्याठिपक्यांनी उजळतात. खर्च सुईएवढा. दुसरा, छापील कार्डातून नक्षी कापून मागे ट्रेसिंग किंवा पतंगाचा कागद लावायचा. खळ वापरणार असाल तर प्रिंट लेझरची हवी, डायची शाई खळीतल्या पाण्यानं फुटते. आणि आत एलईडीच. जुन्या पिवळ्या बल्बच्या उष्णतेने टेपचा चिकटपणा ढिला होतो, रंग उडतो, आणि कागदाजवळ तो धोक्याचाच.

थ्री-डी आउटलायनर

फेव्हिक्रिलचे आणि कॅमलचे थ्री-डी आउटलायनर जवळजवळ प्रत्येक स्टेशनरीत मिळतात. आहेत कापडासाठी आणि काचेसाठी, पण छापील कागदावर त्यांच्याइतका उठाव दुसरं कुठलंही स्वस्त साहित्य देत नाही. २० मिलिलिटरची बाटली बारीक रेघेला बराच काळ पुरते. रंगांत सोनेरी, पांढरा, तांबूस आणि मोतिया घ्यावेत. बाकीचे रंग छापील रंगाशी जुळता जुळत नाहीत.

वापरायच्या आधी बाटली टोक खाली करून पाच मिनिटं पेल्यात उभी ठेवावी आणि टेबलावर दोन-तीनदा आपटावी, म्हणजे आतली हवा वर जाते. हवा टोकाशी राहिली की रेघ मधेच ‘फट्’ करून शिंतोडे उडवते, आणि छापील कागदावरचे शिंतोडे पुसता येत नाहीत. सुरुवात नेहमी रद्दी कागदावर करावी. रेघ ओढताना टोक कागदाला टेकवायचं नाही. दोन मिलिमीटर वर धरून धार पडू द्यायची आणि हात पुढे न्यायचा. टेकवलं की रेघ चपटी आणि खरवडलेली येते.

ठिपक्याचं तंत्र वेगळं. टोक कागदाच्या अगदी जवळ, हलका दाब, ठिपका हव्या त्या आकाराचा झाला की आधी दाब सोडायचा आणि मग टोक छोटं गोल फिरवत उचलायचं. दाब न सोडता सरळ उचललं तर ठिपक्याला शेंडी राहते. राहिलीच तर ओल्या टूथपिकने लगेच टेकवावी. अर्ध्या मिनिटात वर साय धरते, मग हात लावू नये.

रेघ वाळताना बसते, कारण त्यातलं पाणी उडून जातं. म्हणून हवी त्यापेक्षा थोडी जाड ओढावी किंवा वाळल्यावर दुसरा हात द्यावा. कोरड्या हवेत चार-सहा तासांत हाताला लागत नाही, पावसाळ्यात सबंध दिवस द्यावा. हेअर ड्रायरची गरम हवा मारू नये: वरची साय वाळते, आतली वाफ अडकते आणि रेघेवर फोड येतात. पंखा पुरे.

सर्वांत चांगला वापर पैठणी काठावर आणि वारलीवर होतो. पैठणीच्या छापील काठावर सगळी नक्षी गिरवायची नाही. मोराची बाह्यरेषा, पानांच्या शिरा आणि काठाच्या दोन समांतर रेघा, एवढंच सोनेरी करावं. सगळं गिरवलं की काठ जाड आणि चिखलट दिसतो. वारलीसाठी तर छपाईच वेगळी करून घ्यावी: पार्श्वभूमी गेरूच्या रंगाची आणि आकृत्यांच्या रेषा पांढऱ्या नव्हे, गेरूपेक्षा जेमतेम फिकट. त्यांवर पांढरा आउटलायनर फिरवला की हात थोडा इकडेतिकडे गेला तरी खालची रेघ डोकावत नाही.

टेक्श्चर पेस्ट: विकतची की घरची

विकतची मॉडेलिंग पेस्ट गुळगुळीत असते आणि वाळल्यावर फार बसत नाही. बारीक स्टेन्सिलच्या कामाला तीच घ्यावी. मखराच्या दगडी भिंती, किल्ल्याचे बुरूज, विटा असल्या खरबरीत कामाला घरी केलेली पुरते आणि पैसेही वाचतात. दोन चमचे टाल्कम पावडर किंवा वस्त्रगाळ खडूची भुकटी, एक चमचा फेव्हिकॉल एमआर, अर्धा चमचा पांढरा ॲक्रेलिक. श्रीखंडाइतकी घट्ट हवी. चमच्यावरून ओघळली तर पातळ आहे, स्टेन्सिलखाली शिरेल. किल्ल्यासाठी त्यात पाव चमचा चाळलेली बारीक रेती घालावी.

स्टेन्सिल मास्किंग टेपने चारही बाजूंनी बसवायचा, जुन्या एटीएम कार्डाने पेस्ट एकाच दिशेने ओढायची आणि स्टेन्सिल ओली असतानाच सरळ वर उचलायचा. वाळेपर्यंत थांबलात तर कडा त्याच्याबरोबर निघतात. थर एका मिलिमीटरचा ठेवावा. दोनच्या वर गेला की वरून वाळतो, आतून ओला राहतो आणि भेगा पडतात. वाळल्यावर बोटाला पांढरी भुकटी लागत असेल तर फेव्हिकॉल कमी पडलंय. पृष्ठभाग रबरासारखा चिवट असेल तर जास्त झालंय.

पेस्टच्या कामात खरा त्रास कागद वळण्याचा. पेस्ट वाळताना आकसते आणि कागदाला आपल्याकडे ओढते, त्यामुळे कडा सुलट बाजूकडे उचलल्या जातात. वजन ठेवून हे सरळ होत नाही, वजन काढलं की पुन्हा वळतं. उपाय उलट बाजूला करायचा. पेस्ट हाताला कोरडी लागली की मागून, एक भाग फेव्हिकॉल आणि एक भाग पाणी, असा हात सबंध फिरवावा आणि तुकडा जाळीवर उपडा न ठेवता उभा वाळू द्यावा. मागचा थर आकसला की दोन्हीकडची ओढ सारखी होते आणि तुकडा सपाट येतो. डायच्या छपाईत हा थर जपून, जेमतेम ओलसर ब्रशने, म्हणजे ओल पुढे पोचत नाही.

दगडी भिंतीला रंग पेस्टमध्ये कालवू नका. पांढरी वाळू द्या, मग कोरड्या ब्रशवर राखी रंग घेऊन वरवर फिरवा. उंचवट्यांवर रंग बसतो, खाचा तशाच राहतात. पेस्टने झाकलेली छपाई कामातून जाते हे उघड आहे, म्हणून पेस्ट सांध्यांवर लावायची की दगडांवर हे आधी ठरवावं. दगड छापील ठेवून फक्त सांधे उचलले तर छपाईचं डिटेल वाया जात नाही. आमच्या मते मखराला तेच जास्त शोभतं.

एम्बॉसिंग: कोरडं चांगलं, पावडरीचं हौसेपुरतं

कोरड्या एम्बॉसिंगला, म्हणजे कागद नुसता दाबून उठवायला, विकतचं काही लागत नाही. पुठ्ठ्यात कापलेला स्टेन्सिल खिडकीच्या काचेवर चिकटवा, छापील कागद उलटा धरून संपलेल्या बॉलपेनने कडेकडेने दाबत जा. आधी हलका हात, मग जोर. एकदम जोर दिला की कागद फाटतो. इंकजेटच्या मॅट कागदावर हे छान होतं. लेझरच्या प्रिंटवर गडद भागात टोनर तडकून पांढऱ्या रेषा दिसतात, तिथे फिकट भागच निवडावेत. एम्बॉसिंग फोल्डर आणि यंत्र घेणाऱ्यांनी हाच फरक लक्षात ठेवावा. यंत्र महाग आहे, आणि शंभरेक निमंत्रणं करायची असतील तरच त्याचा पैसा वसूल होतो.

पावडरीच्या एम्बॉसिंगला पावडर, चिकट शाईचं पॅड आणि हीट गन, अशी तीन खरेदी करावी लागते. हेअर ड्रायर चालत नाही. त्याचा वारा जास्त आणि उष्णता कमी, पावडर वितळायच्या आधी उडून जाते. इंकजेटच्या ताज्या प्रिंटवर पावडर नको तिथेही बसते, कारण शाईतली ओल तिला धरते. म्हणून रात्रभर वाळवलेल्या प्रिंटवर आधी मलमलीच्या पुरचुंडीतली टाल्कम हलकेच थोपटायची, ब्रशने झाडायची, मग शिक्का मारून पावडर टाकायची. हीट गन कागदापासून पाच-सात सेंटिमीटरवर आणि सतत हलती. पावडर दाणेदारपणा सोडून एकदम चमकली की तिथून हलायचं. त्यापुढे तापवलं तर ती कागदात मुरते आणि तेलकट दिसते. लेझरच्या प्रिंटवर हीट गन टाळावी, टोनरही मऊ पडतो.

लेझरवाल्यांसाठी त्याहून सोपं काम फॉइलचं. फक्त काळ्या टोनरमध्ये छापलेल्या नक्षीवर टोनरला चिकटणारी फॉइल ठेवून लॅमिनेटरमधून काढली की नक्षी सोनेरी होते. उठाव नसतो, पण त्यावर आउटलायनरचे चार ठिपके दिले की दोन्ही एकमेकांना उजळतात. इंकजेटवर हे होत नाही.

पारदर्शक ग्लेझ आणि रेझिन

समईची ज्योत, मोराच्या डोळ्यातला ठिपका, द्राक्षाचा मणी यांवर ग्लॉसी ॲक्सेंट्ससारखा घट्ट पारदर्शक ग्लेझ फार सुंदर बसतो. बाटली हलवू नये, बुडबुडे येतात. आधी आकाराची कड रेघेने बांधून घ्यावी, मग मधला भाग भरावा, बुडबुडा दिसला तर टाचणीने फोडावा आणि सपाट जागी रात्रभर ठेवावं. डायच्या छपाईवर याच्याखाली स्प्रे हवाच.

यूव्ही रेझिन, म्हणजे अतिनील प्रकाशात कडक होणारा पारदर्शक द्रव, थेट कागदावर ओतू नका. रेझिन कागदाच्या तंतूंत शिरतं आणि तूप सांडल्यासारखा कायमचा पारदर्शक डाग पडतो. आधी फेव्हिकॉलचे दोन पातळ हात, कडांसकट, पूर्ण वाळवून. डायची छपाई असेल तर त्याआधी स्प्रे. एवढा खटाटोप करूनही ग्लेझपेक्षा फारसं वेगळं दिसत नाही, म्हणून छापील कामाला रेझिन आम्ही सुचवत नाही. त्याचा वासही असतो आणि हातमोजे लागतात. मुलांच्या हाती तर नकोच.

कुंदन, चमकी, क्विलिंग

कुंदन, आरसे, टिकल्या, गोटा, लेस हे सगळं घाऊकात घ्यावं. पुण्यात बोहरी आळी आणि रविवार पेठ, मुंबईत क्रॉफर्ड मार्केटच्या मागच्या गल्ल्या आणि भुलेश्वर. क्राफ्टच्या दुकानात तेच कुंदन छोट्या डबीत कितीतरी पट महाग मिळतं. चिकटवायला फेव्हिकॉल नको, प्लास्टिकच्या गुळगुळीत पाठीवर ते वाळून सुटतं. फॅब्रिक ग्लू किंवा बी-७००० नावाचा गोंद घ्यावा. इन्स्टंट गोंदाने कुंदनाभोवती पांढरी वाफ बसते आणि आरसा धुरकट होतो. लटकणाऱ्या तुकड्यावर वजन वरच्या अर्ध्या भागात ठेवावं, खाली जड झालं की तोरणाचं पान पुढे झुकतं. चमकीबद्दल इतकंच की ती घरभर होते आणि निघत नाही. चमक हवी तर ग्लिटर आउटलायनर घ्या. क्विलिंगच्या, म्हणजे गुंडाळून आकार करायच्या कागदाच्या, ३ मिलिमीटरच्या पट्ट्या छापील फुलांच्या मध्यावर छान दिसतात, मात्र छपाईतल्या रंगाहून एक छटा गडद घ्याव्यात.

क्रम आणि स्प्रे

आधी क्रीज (घडीची दाबलेली रेघ), मग कापणी, मग स्प्रे, मग पेस्ट आणि आउटलायनर सपाट अवस्थेत, पूर्ण वाळल्यावर घड्या आणि जोडणी, फोमचे थर त्यानंतर, कुंदन सर्वांत शेवटी. पेस्ट लावून मग क्रीज मारायला गेलात तर पेस्ट तुकडे होऊन उडते. घडीपासून आणि चिकटपट्टीपासून पाच मिलिमीटर जागा कोरी सोडावी.

मॅट ॲक्रेलिक स्प्रे किंवा चित्रांसाठी मिळणारा फिक्सेटिव्ह हे दोन्ही चालतात. पाऊण फुटावरून, तुकड्याच्या बाहेर सुरुवात करून बाहेरच संपवायचा, दोन-तीन पातळ हात, प्रत्येकात दहा-पंधरा मिनिटं. एकच जाड हात दिला की शाई ओली होऊन वाहते. भर पावसात स्प्रे मारू नये, दमट हवेत थर पांढुरका पडतो. उघड्या गॅलरीत, कोरड्या दुपारी. स्प्रेमुळे कागद जलरोधक होत नाही, दमट हवेत रंग फुटण्यापासून वाचतो एवढंच. पावसाच्या झडीत टांगायचा कंदील छापील कागदाचा करूच नये.

पहिल्यांदा घेणाऱ्यांनी मॅट कार्ड, १ आणि २ मिलिमीटरची फोम टेप, सोनेरी आणि पांढरा आउटलायनर आणि फेव्हिकॉल एमआर एवढंच घ्यावं. स्प्रेचा डबा महाग असतो, तो दोघा-तिघांत मिळून घेतला तरी चालतो.

सण झाल्यावर तोरण ठेवताना प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नये. आउटलायनरच्या ॲक्रेलिक रेघा वाळल्यावरही उन्हाळ्याच्या गर्मीत एकमेकींना चिकटतात, आणि सोडवताना एकीबरोबर दुसरीची छपाई निघते. प्रत्येक दोन पानांत बटर पेपर घालून पुठ्ठ्याच्या खोक्यात आडवं ठेवावं, वर काही ठेवू नये. दाबलेला फोम पुन्हा पूर्ण उंचीवर येत नाही.